पौर्णिमा आपली, मग मुहूर्त कोणाचा?

साक्षगंधाचा कार्यक्रम आटोपला होता. घर वाशिम जिल्ह्यातले, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यातले. भिंतीवर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली बावीस प्रतिज्ञांचा काचेत बसवलेला तक्ता आणि शेजारच्या खिळ्याला कॅलेंडर. आम्हीही पाहुण्यांत बसलो होतो. मुलगा चाकणच्या एका कंपनीत कामाला. त्याला मे महिन्यात शनिवार ते सोमवार अशी तीनच दिवसांची सुटी मिळत होती. दोन्ही ईवायांना रविवार पसंत पडला. सुपारी फुटायची नव्हती, पण चहा मात्र आला. तेवढ्यात मुलीचे काका उठले, कॅलेंडरापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "त्या दिवशी अमावस्या आहे."

कोपऱ्यात बसलेली मुलीची आजी दचकली. "आवस हाये? आवसेले लेकीचं लगन लावता काय, बापू?"

बैठक एकदम गप्प झाली. आलेले बौद्धाचार्य चहाच्या कपात पाहू लागले. कोणी म्हणाले, "आपण मानत नाही हो, पण चार लोक काय म्हणतील?" कोणी म्हणाले, "आठ दिवस पुढे ढकलले तर काय बिघडते?"

काय बिघडते, ते मुलीच्या बापाला ठाऊक होते. आठ दिवसांनी दाट लग्नतिथी होती. मंडपवाला, बँड, आचारी, गाडी या सगळ्यांचे भाव त्या दिवसांत चढलेले असतात. मुलाची रजा बिनपगारी होणार. हातावर पोट असलेल्या घराला हा खर्च बचत गटाच्या कर्जातून नाही तर सावकाराकडून भागवावा लागतो. म्हणजे अमावस्या टाळण्याची किंमत पुढची दोन वर्षे सोयाबीन सोंगून आणि कापूस वेचून फेडायची.

बंधू-भगिनींनो, हे चित्र एका घराचे नाही. आपण देव सोडले, नवस सोडले, श्राद्ध सोडले. पण शुभ-अशुभ मागच्या दाराने घरात येऊन बसले आहे. शनिवारी तेल आणत नाही. बुधवारी लेक सासरी पाठवत नाही. नव्या आटोला लिंबू-मिरची बांधतो. तीन माणसे कामाला निघाली तर "तीन तिगाडा, काम बिगाडा" म्हणतो. मुलीला मंगळ आहे, सून मूळ नक्षत्रावर जन्मली, बाप पंचकात गेला, असली कुजबुज आपल्या वस्तीतही ऐकू येते. म्हणून या विषयावर घरातल्या सर्वांनी मिळून विचार करावा असे आम्हाला वाटते.

आपली पत्रिका कोणी लिहिली होती?

आधी आपलाच इतिहास आठवू. आपल्या आजोबांच्या जन्माची घटका, पळे कोणी लिहून ठेवली होती? जोशीबुवा महारवाड्यात येत नव्हता. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, "पोरगा कधी झाला?" माय सांगायची, "मोठ्या पुराच्या साली." मग मास्तर आपल्या मनाने १ जून किंवा १ जुलै लिहून टाकायचे. आजही आपल्या वस्तीतल्या जुन्या पिढीचे दाखले काढून पाहा. निम्म्या लोकांचा वाढदिवस एकच निघेल! जन्मतारखेवरून नशीब ठरत असते, तर या सगळ्यांचे नशीब सारखेच निघायला हवे होते. पण त्यांतला एक शिकून साहेब झाला, एक गिरणीत गेला आणि एक गावातच सालदार राहिला. ज्याला शाळा मिळाली तो पुढे गेला, इतकाच त्या पत्रिकेचा अर्थ.

ग्रहणाची गोष्ट तर याहून झोंबणारी आहे. राहू-केतू चंद्राला गिळतात आणि ते राहू-केतू मांग-महारांच्या जातीचे, अशी जुनी लोकसमजूत होती. ग्रहण सुटले की "दे दान सुटे गिऱ्हाण" अशी आरोळी देत दारोदार फिरणारी माणसे आपल्यातलीच होती. लोक शिळे अन्न, जुने कपडे, मूठभर धान्य दुरून टाकायचे. आपल्याला दान दिले की चंद्र सुटतो, पण आपली सावली पडली की विटाळ होतो, असा तो न्याय. ज्या समजुतींनी आपल्या माणसांनाच अशुभ ठरवले, त्याच समजुती आज आपण आपल्या लेकीसुनांना लावायच्या काय? बाबासाहेबांच्या चळवळीने ती आरोळी बंद पाडली. तिच्या मागची भीती मात्र आपल्यालाच बंद पाडायची आहे.

पंचांग म्हणजे हिशेब

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये आला की त्याची उजेडाची बाजू आपल्याला दिसत नाही, ती अमावस्या. सूर्यग्रहण अमावस्येलाच आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागते, कारण ते तिघे एका रेषेत यायला हवेत. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी ऐन दिवाळीत सूर्यग्रहण लागले. तेव्हा अनेकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या, तर अनेकांनी काळ्या चष्म्यातून ते पाहिले. घरात बसलेल्यांचे काही वाचले नाही आणि पाहणाऱ्यांचे काही बिघडले नाही. डोळे तेवढे जपावे लागतात आणि तेही सूर्याच्या प्रखर उजेडामुळे.

चंद्राचे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. तो साचत साचत बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एका महिन्याएवढा होतो. तेव्हा हिशेब जुळवायला एक महिना जास्तीचा धरतात, तोच अधिक मास. २०२३ साली असा अधिक श्रावण आला होता. वाणी जशी वहीत बाकी पुढे ओढतो, तशी ही बाकी. पण लोकांनी तिला धोंड्याचा महिना म्हटले. त्या महिन्यात लग्न चालत नाही, जावयाला वाण मात्र चालते! मुलीच्या बापाला खर्चात पाडायला मुहूर्त कधीच आडवा येत नाही, हे इथे लक्षात घ्यावे.

आपल्या वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती. १९३९ साली वाशिमला विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला. त्यावर तारीख कशी घातली आहे? राजवटीचे सदतिसावे वर्ष, हेमंत ऋतूचा पहिला पंधरवडा, चौथा दिवस. बस्स, एवढेच! ऋतू, पंधरवडा आणि दिवस मोजून केलेली ही साधी नोंद. याच घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. ज्या गावाच्या राजवटीने अजिंठ्याला लेणे दिले, त्या गावच्या मातीत आपण राहतो. हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

जुन्या लोकांचे सगळेच ज्ञान टाकाऊ होते असेही आम्ही म्हणत नाही. मृग नक्षत्र म्हणजे ७ जूनच्या आसपासचा काळ. छापील कॅलेंडर नव्हते, तेव्हा पेरणीची वेळ ओळखायला शेतकऱ्याला नक्षत्रांचा आधार होता. ते अनुभवाचे ज्ञान. पण यंदा मृगाचे वाहन बेडूक आहे म्हणून पाऊस भरपूर आणि कोल्हा आहे म्हणून हुलकावणी, ही झाली अटकळ. मृग लागला म्हणून कोरड्यात बी टाकले आणि दुबार पेरणी आली, तर बियाण्याचे पैसे वाहन भरून देत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत ओल झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असे कृषी खाते सांगते. ते ऐकावे.

तथागतांनी काय सांगितले?

जातककथांत नक्षत्र जातक म्हणून एक कथा आहे. नगरातल्या एका घराने खेड्यातली मुलगी आपल्या मुलासाठी ठरवली. लग्नाचा दिवस पक्का झाला. त्या दिवशी त्यांनी आपल्या घरच्या आजीवक साधूला सहज विचारले, "आज नक्षत्र चांगले आहे ना?" आपल्याला आधी न विचारता दिवस ठरवला, याचा साधूला राग आला. त्यांचे लग्न मोडायचे म्हणून तो म्हणाला, "आज नक्षत्र वाईट आहे, जाल तर नाश होईल." वऱ्हाड निघालेच नाही. तिकडे खेड्यात स्वयंपाक तयार, मांडव तयार, माणसे वाट पाहून थकली. शेवटी मुलीच्या बापाने दुसऱ्या घरचा मुलगा पाहून त्याच दिवशी लग्न लावून दिले. दुसऱ्या दिवशी नगरातले वऱ्हाड आले ते भांडायला! तेव्हा तिथे असलेला एक शहाणा माणूस त्यांना म्हणाला, मुलगी पदरात पडणे हेच नक्षत्र होते. नक्षत्राची वाट पाहत बसलात आणि हाती आलेले घालवलेत.

अडीच हजार वर्षांच्या परंपरेतली ही गोष्ट आपल्या साक्षगंधाच्या बैठकीला तंतोतंत लागू पडते. त्या साधूला नक्षत्राची नव्हे, आपल्या मानाची काळजी होती हेही ध्यानात घ्या.

दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात लग्नाचे मुहूर्त काढणे, ग्रहणाची भाकिते करणे या गोष्टी हीन विद्येत मोजल्या आहेत. त्यावर पोट भरणे भिक्खूला वर्ज्य आहे. महामंगल सुत्त तर आपण प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो. खरे मंगल कोणते, या प्रश्नाला तिथे अडतीस मंगले सांगितली आहेत. मूर्खांची संगत टाळणे, कलाकौशल्य शिकणे, आईबापांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ, दारूपासून दूर राहणे. त्या अडतिसांत एकही वार नाही, एकही तिथी नाही.

सम्राट अशोकाने आपल्या नवव्या शिलालेखात हाच विषय घेतला आहे. लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळंतपणात, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकार्ये करतात, पण त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरूंचा आदर, प्राण्यांबद्दल दया, दान हेच खरे धम्ममंगल, असा त्याचा आशय आहे. या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रातच, सोपाऱ्याजवळ भुईगावला सापडला. साल होते १९५६! ज्या वर्षी आपण दीक्षा घेतली, त्याच वर्षी तो दगड मातीतून वर आला. अशोकाने त्या लेखात क्षुल्लक विधी करण्याबद्दल बायकांना बोल लावला आहे. आम्ही मात्र सगळा दोष बायामाणसांवर टाकणार नाही. कॅलेंडर पाहायला काका उठले होते, आजी नव्हे. गाडीला लिंबू-मिरची बांधणारे हातही पुरुषांचेच असतात.

मग पौर्णिमा कशासाठी?

इथे कोणी विचारील, तिथी मानायची नाही तर आपण पौर्णिमा का पाळतो? प्रश्न रास्त आहे. उत्तर विनयपिटकातल्या महावग्गात आहे. त्या काळी इतर पंथांचे परिव्राजक अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमेला जमून लोकांना उपदेश करत. मगधाचा राजा बिंबिसार याने तथागतांना सुचवले की आपल्या संघानेही असे जमावे. तथागतांनी ते मान्य केले. पण भिक्खू जमले आणि नुसतेच गप्प बसून राहिले. लोक धम्म ऐकायला आले होते. ते नाराज झाले आणि टीका करू लागले. तेव्हा तथागतांनी सांगितले की जमल्यावर धम्म सांगा.

म्हणजे पौर्णिमेत स्वतःचा काही गुण नाही. ती जमण्याची खूण आहे. दिवाबत्ती नव्हती, तेव्हा रात्री घरी परतताना वाटेवर उजेड मिळायचा. शिवाय पौर्णिमा ओळखायला भटजी लागत नाही. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही मान वर केली की ती दिसते. वैशाख पौर्णिमा २०२३ साली ५ मे रोजी, २०२४ साली २३ मे रोजी आणि २०२५ साली १२ मे रोजी आली. वार बदलला, तारीख बदलली, तथागतांची शिकवण काही बदलली नाही.

म्हणून पौर्णिमेला विहारात जाऊन, मेणबत्ती लावून, गप्प घरी येणे पुरेसे नाही. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात अनेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ते आपल्या वस्तीत होते का? नसेल तर यंदा सुरू करा. वाचायला दहावी-बारावीच्या मुलींना बसवा.

दसरा, दीक्षा आणि पांढरे लुगडे

दुसरा प्रश्न हमखास येतो, बाबासाहेबांनीही दसराच निवडला ना? हो, निवडला. साडेतीन मुहूर्तांतला एक म्हणून नव्हे, तर सम्राट अशोकाची धम्मविजयाची आठवण म्हणून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, रविवारी, नागपूरला महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना दिली. जे उशिरा पोहोचले, त्यांना दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला दिली. १६ तारखेला चंद्रपूरला दिली. मुहूर्तच खरा असता, तर एकादशी आणि द्वादशीला घेतलेली दीक्षा कमी प्रतीची ठरली असती. तसे कोणी म्हणते का?

याहून मोठी साक्ष ७ डिसेंबर १९५६ची आहे. दादरला बाबासाहेबांचे पार्थिव चितेवर होते. आकाश फाटलेले होते. जुन्या समजुतीने याहून अशुभ घटका कोणती? त्याच घटकेला भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथे जमलेल्या लाखावर लोकांना धम्मदीक्षा दिली. सुतकात आपल्या लोकांनी नवा जन्म घेतला.

आणि नागपूरला जाताना आपल्या आयाबहिणी काय नेसून गेल्या होत्या? पांढरे लुगडे. सवाष्णीने पांढरे नेसू नये, अशी रूढी खेड्यापाड्यांत होती. त्यांनी ती एका दिवसात मोडली.

आकडे मोजण्यासाठी असतात

आपल्या धम्मातही आकडे खूप आहेत. तीन रत्ने, चार आर्यसत्ये, पाच शीले, आठ अंगांचा मार्ग, दहा पारमिता, बावीस प्रतिज्ञा. पण त्यांत जादू नाही. तथागतांचा उपदेश कित्येक पिढ्या पाठांतराने चालत आला. बोटांवर मोजता आले की काही सुटत नाही, म्हणून ही मोजणी. बावीस आकडा शुभ म्हणून गाडीच्या नंबरासाठी जास्तीचे पैसे भरणाऱ्याने आधी बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवाव्यात. अकरा, एकवीस, एकावन्नच्या आहेरात वरचा एक रुपया घालायला हरकत नाही, पण त्याने संसार टिकत नाही.

नवी भीती, नवे धंदे

जुन्या भीतीच्या जोडीला आता नवे प्रकार आले आहेत. पोट सुटलेला हसरा पुतळा 'लाफिंग बुद्धा' म्हणून दुकानात मिळतो. ईशान्येला ठेवा, पैसा येतो, असे सांगतात. तो तथागतांचा पुतळाच नव्हे. तो चीनमधल्या बुदाई नावाच्या एका भिक्खूचा आहे. परित्राणपाठाचे सूत मनगटाला बांधून कोणी रोग जाण्याची वाट पाहत असेल, तर तोही मार्ग चुकला. परित्राणपाठाने मन शांत होते. तापाला डॉक्टरच लागतो.

इथे जिवाशी गाठ असते. पावसाळ्यात शेतात साप चावला, तर अमावस्येचा साप म्हणून मांत्रिकाकडे धाव घेऊ नका. १०८ नंबरला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा, लस तिथे मिळते. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. पण घराघरातली भीती पोलीस काढू शकत नाहीत. ती घरच्यांनीच काढायची.

त्या बैठकीत पुढे काय झाले?

बैठक गप्प होती. तेव्हा आतून नवरी मुलगीच बाहेर आली आणि आजीजवळ बसून म्हणाली, "आजी, तुहं लगन कोणत्या तिथीले झालं होतं?"

आजी म्हणाली, "मले काय मालूम, बाई! पेरणीच्या आंधी झालं होतं एवढं याद हाये." सगळे हसले. आजीही हसली. मग जरा वेळाने आपल्याशीच बोलावे तशी म्हणाली, "माही माय दीक्षेले गेली तं पांढरं लुगडं नेसून गेली होती. लोक म्हणे, सवाष्णीनं नेसू नाई. तिले काई झालं नाई. माहा बाप तिच्यामांगं वीस वर्सं जगला." आणि पदर सावरत तिने निकाल दिला, "ठेवा मंग रविवारीच."

लग्न त्याच रविवारी सकाळी विहारासमोरच्या मांडवात लागले. त्रिसरण-पंचशील झाले, जयमंगल अष्टगाथा झाली, नोंदणीच्या कागदावर सह्या झाल्या. मंगळवारी मुलगा चाकणला कामावर हजर होता. मुलीच्या बापाने गटातून कर्ज काढले नाही.

आमचे एवढेच सांगणे आहे. लग्नाची तारीख काढताना मुलामुलीचे वय, दोघांची मर्जी, पाहुण्यांची सुटी, पाण्याची सोय, पेरणीचा हंगाम आणि खिशातला पैसा पाहा. आजारात दवाखाना पाहा. पेरणीत ओल पाहा. आणि पौर्णिमेला घरातल्या सर्वांना घेऊन विहारात या. तिथे गप्प बसू नका, बोला आणि वाचा. ज्या दिवशी आपल्या हातून चांगले काम होईल, तो दिवस चांगला.

जयभीम!